ढाल, गदा आणि मोकळा हात : ढालीच्या नियमांचा अर्थ तुमच्या टेबलावर कसा लावता?

कोरा_फासा

मंडळी, नमस्कार.

आमचा ग्रुप शनिवारी संध्याकाळी दादरला जमतो. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकून पात्रं आणि गोष्ट पुढे नेण्याचा टेबलावरचा खेळ. पाचवी आवृत्ती, २०१४ चं प्लेयर्स हँडबुक हे नियमांचं पुस्तक. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि निवाडा देणारा, मी. गेल्या सेशनला एका नियमावर अशी गाडी अडली की लढाई बाजूला राहिली आणि सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून नियम शोधत बसले.

आमच्या क्लेरिकच्या, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या पात्राच्या, उजव्या हातात गदा, डाव्या हातात ढाल, ढालीवर त्याच्या देवतेचं चिन्ह. पुढ्यात फायटर, म्हणजे लढवय्या, मरणाच्या दारात शून्यावर पडलेला. क्लेरिक म्हणाला, 'क्युअर वून्ड्स टाकतो.' हा जखमा भरणारा स्पेल, म्हणजे मंत्र. आमच्यात रोग नावाचं चोरट्या चालीचं पात्र खेळणारी ताई वकील आहे. तिने लगेच विचारलं, 'कुठल्या हाताने?'

पुस्तकाप्रमाणे स्पेलला सोमॅटिक भाग असेल तर हातवाऱ्यांसाठी एक हात मोकळा लागतो. मटेरियल भाग असेल तर साहित्य किंवा त्याऐवजी चालणारं चिन्ह हाताळायला हात लागतो, आणि हातवारेही त्याच हाताने करता येतात. क्लेरिक आणि पॅलाडिन (धर्मयोद्धा) यांना चिन्ह ढालीवर मिरवायची मुभा आहे. त्यामुळे ब्लेससारखा स्पेल, ज्यात हातवारेही आहेत आणि साहित्यही, ढालीच्या हाताने बिनधास्त होतो. क्युअर वून्ड्समध्ये साहित्य नाही, नुसते शब्द आणि हातवारे. तिथे ढालीवरचं चिन्ह उपयोगाचं नाही आणि हात तर दोन्ही गुंतलेले. जास्त सामग्री लागणारा स्पेल होतो, कमी लागणारा होत नाही! मला हे पटत नाही, म्हणून त्या रात्रीपुरतं मी चालवून घेतलं.

दुसरा वाद शील्ड मास्टर या फीटचा, म्हणजे पात्रासाठी निवडून घ्यायच्या खास कौशल्याचा. 'तुमच्या टर्नमध्ये अटॅक ॲक्शन घेतलीत तर बोनस ॲक्शनने ढालीचा धक्का देऊ शकता.' टर्न म्हणजे आपली पाळी, ॲक्शन तिच्यातली मुख्य कृती, बोनस ॲक्शन जोडीची छोटी कृती. आमचा फायटर म्हणतो, आधी धक्का देऊन पाडतो, मग पडलेल्यावर ॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून मोठा धरून) वार करतो. ताई म्हणते, आधी वार, मग धक्का.

तुम्ही काय करता? आणि का? 'डीएम म्हणेल ते' हे मला माहीत आहे. डीएमने काय म्हणावं, ते विचारतोय.

नैसर्गिक_वीस

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर लिहायचंय, आत्ता ट्रेनमध्ये उभा आहे आणि एकच हात मोकळा आहे.

अंधारकोठडी

हीलिंग वर्ड टाकायचं की! त्याला फक्त शब्द लागतात, साठ फुटांवरून होतं, शिवाय बोनस ॲक्शन.

कोरा_फासा

@अंधारकोठडी, त्याने त्या दिवशी तो स्पेल तयार केलेला नव्हता.

नियमावली

तुमच्या वकील ताई शब्दशः बरोबर आहेत. पण पुस्तकातच वाट आहे आणि ती बेकायदा नाही. हातातली वस्तू सोडून द्यायला काही खर्च होत नाही. जमिनीवरची वस्तू उचलायला टर्नमधली एक मोफत हाताळणी पुरते. म्हणजे गदा सोडा, क्युअर वून्ड्स टाका, गदा उचला. ॲक्शन एकच गेली. सगळं नियमात बसलं.

दुसरी वाट गदा कमरेला अडकवण्याची. मोफत हाताळणी तिथेच संपते, मग स्पेल. पुढच्या टर्नला गदा काढता येईल, पण मधल्या वेळेत कोणी शेजारून पळालं तर ऑपॉर्च्युनिटी अटॅकला, म्हणजे पळणाऱ्यावर मिळणाऱ्या वाराला, हातात काही नाही. खरी किंमत इथे मोजली जाते.

माहीमचा_मांत्रिक

@नियमावली, तुमचा पहिला उपाय वाचल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. 'गदा टाकली, मंत्र म्हटला, गदा उचलली' हे वाक्य म्हणायला लावून टेबलाला मिळतं काय? परिणाम तोच, खर्च शून्य. दर टर्नला ते पाठ म्हणायचं, विसरलं की दंड. माझ्याकडे शाळा-कॉलेजातली नवी मुलं खेळायला येतात. त्यांना आधी चेटूक, राक्षस, भुयार यांची ओढ लागायला हवी. हातांचा हिशोब पहिल्याच दिवशी मागितला तर पुढच्या आठवड्यात ती येत नाहीत.

आमच्याकडे सरळ आहे. ढालीवर चिन्ह असेल तर त्या ढालीच्या हाताने क्लेरिक-पॅलाडिनचे सगळे स्पेल होतात. विषय संपला.

ठाणेकरीण

विषय संपत नाही, कारण मग वॉर कास्टर, म्हणजे हात भरलेले असतानाही हातवारे करू देणारं फीट, घेणाऱ्याचं काय?

ढालीची किंमत पुस्तकात १० सोन्याची नाणी लिहिली आहे, पण तिची खरी किंमत एक हात आहे. त्या हाताच्या बदल्यात एसीमध्ये, म्हणजे वार लागायला शत्रूने गाठायच्या आकड्यात, २ मिळतात. आता हे २ किती मोठे आहेत ते बघा. वार करणारा वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला बोनस मिळवतो. शत्रूचा बोनस +५ धरू. तुमचा एसी १६ असेल तर त्याला ११ किंवा वर लागतात, म्हणजे ५० टक्के वार लागणार. ढाल घेतली, एसी १८, तर ४० टक्के. म्हणजे लागणाऱ्या दर पाच वारांपैकी एक गेला. आता प्लेट आर्मर घाला. ढालीशिवाय १८, ढालीसह २०. तेव्हा ४० वरून ३० टक्क्यांवर येतो, दर चारांतला एक गेला. अंगावरचं चिलखत जितकं भारी, तितकी तीच ढाल जास्त वाचवते. आणि भारी चिलखत घालणारे क्लेरिक तर हेच.

एवढी मोठी गोष्ट मिळते म्हणून गेमने हात अडवून ठेवला आहे. तो हात परत हवा तर वॉर कास्टर घ्या, त्यासाठी स्ट्रेंथ-विजडम या गुणांमधली वाढ सोडा. माझ्या ग्रुपमधल्या पॅलाडिनने ती सोडली आहे. शेजारच्या क्लेरिकला तेच फुकट दिलं, तर पॅलाडिनने विचार करून घेतलेल्या निर्णयावर मी बोळा फिरवला असं होईल. नियम शब्दशः पाळावा असं माझं म्हणणं नाही. या अटीने कोणी काय मोजलं आहे ते आधी बघा, मग सूट द्या.

माहीमचा_मांत्रिक

@ठाणेकरीण, वॉर कास्टर तीन गोष्टी देतं. हात भरलेले असताना हातवारे ही त्यातली फक्त एक. मार बसल्यावर चालू स्पेलवरची एकाग्रता टिकवायच्या सेव्हवर (बचावाच्या फाशावर) ॲडव्हान्टेज आणि ऑपॉर्च्युनिटी अटॅकच्या जागी स्पेल, या दोन्ही त्या पॅलाडिनकडेच राहतात. ब्लेस चालू ठेवून पुढच्या रांगेत उभं राहणाऱ्याला एकाग्रतेचा फायदा सगळ्यात मोठा. त्याचं काही बुडत नाही.

ठाणेकरीण

हातवाऱ्यांचा हिस्सा बुडतोच. तुम्ही तुमच्या टेबलावर आधीपासून सांगून ठेवलं असेल तर हरकत नाही. चालू लढाईत, कुणीतरी मरत असताना दिलेली सूट ही वेगळी गोष्ट. तिथे डीएम नियमाचा अर्थ लावत नाही, त्या पडलेल्या फायटरला वाचवतो.

कोरा_फासा

हे मात्र खरं आहे. मी फायटरकडे बघूनच हो म्हटलं होतं.

वसईकर

आर्टिफिसर, म्हणजे जादूच्या वस्तू बनवणारं पात्र, खेळा, भानगड मिटते. २०२० च्या पुस्तकात त्यांच्या प्रत्येक स्पेलला मटेरियल भाग आपोआप जोडला जातो, आणि स्वतः इन्फ्यूज केलेली (जादू भरलेली) वस्तू फोकस म्हणून, म्हणजे साहित्याऐवजी, चालते. ढाल इन्फ्यूज केली की सगळे स्पेल ढालीच्या हाताने, पूर्ण नियमात.

परळचा_पट्टेकरी

मी मर्दानी खेळ शिकतो, दांडपट्टा आणि फरीगदका दोन्ही. हा गेम सुरू करून फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे पुस्तकाचं तुम्ही बघा, मी हाताचं सांगतो.

आपल्याकडची जुनी ढाल गोल. पाठीमागे कड्या, कड्यांत दोन वाद्या, मध्ये छोटी गादी. दोन्ही वाद्या एकत्र करून मुठीत धरायच्या, बोटांची पेरं गादीला टेकतात. समोरून वार आला की धक्का गादीवर जातो. या पकडीत मूठ पूर्ण बंद असते. त्या हाताने बोटांचे हातवारे करायचं म्हटलं तर ढाल सुटली म्हणून समजा. पण फायदाही आहे. मूठ उघडली की ढाल खाली. क्षणात.

युरोपातल्या बऱ्याच ढाली वेगळ्या. तिथे एक पट्टा कोपराजवळ बाहूवर आवळलेला आणि पुढे मुठीसाठी दुसरा. मूठ सोडली तरी ढाल बाहूवर लटकून राहते, बोटं मोकळी होतात. पण काढायची तर पट्ट्यातून हात सोडवावा लागतो, त्याला वेळ जातो.

आता तुमच्या पुस्तकात ढाल चढवायला आणि उतरवायला एक ॲक्शन लागते म्हणतात. ती झाली बाहूवर बांधलेली ढाल. मग तिच्या हाताची बोटं मोकळी असायला हवीत! आणि बोटं मोकळी नसतील तर ती मुठीतली ढाल, मग टाकायला ॲक्शन कशाला? दोन्ही तोटे एकाच ढालीला लावलेत, माझ्या मते गोंधळ इथून सुरू होतो.

फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात ढाली आहेत. ग्रुपने एकदा जाऊन बघा.

नैसर्गिक_वीस

वा! हा प्रतिसाद वाचायला परत आलो हे बरं झालं. दोन्ही तोटे एकाच ढालीला, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

नियमावली

@पट्टेकरी, माहिती उत्तम आणि आवडली. तरी सावध करतो. पाचव्या आवृत्तीतली ढाल ही मुद्दाम एकच ठेवलेली आहे. एसीमध्ये २, वजन ६ पौंड, लाकडाची किंवा धातूची, 'एका हातात धरलेली'. इतिहासातल्या पकडी आणल्या तर उद्या कोणी म्हणेल, माझी ढाल मुठीची आहे, मी फुकटात टाकतो. दुसरा म्हणेल, माझी पट्ट्याची आहे, बोटं मोकळी. ज्याला जे सोयीचं ते तो मागेल.

परळचा_पट्टेकरी

मागू देत ना. पण निवड आधी करायची, ढाल विकत घेतानाच, आणि मोहीमभर ती पाळायची. मुठीची घेतली तर सोडायला मोफत, पण हात बंद. पट्ट्याची घेतली तर काढायला ॲक्शन, पण बोटं मोकळी. एसी दोघींचा सारखाच. प्रत्येकीचा एकच तोटा.

ठाणेकरीण

हे मला आवडलं. फक्त पट्ट्याची घेणारे सगळे स्पेलवाले असतील आणि त्यांना ढाल काढायची वेळ फार क्वचित येईल. तोटा कागदावर राहील.

जुनी_पेटी

तुम्हा मुलांचा धागा वाचतोय, छान चाललंय. हा प्रश्न पहिल्यापासूनचा आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

१९७९ च्या डीएम गाइडच्या काळात एसी वरून खाली यायचा, कमी तितका चांगला. ढालीने एकाचाच फरक पडे. पण तो एकही सगळीकडे मिळत नसे. लहान ढाल एका राउंडमध्ये (फेरीत) एकाच हल्ल्याला मोजायची, मधली दोन, मोठी तीन. तीन गॉब्लिन (छोटे राक्षस) अंगावर आले आणि हातात लहान ढाल असली तर उरलेल्या दोघांसाठी ती नाहीच. शिवाय ढाल डाव्या हातात, त्यामुळे उजव्या अंगाने किंवा पाठीमागून येणाऱ्याला तिचा अडसर नाही. कोण कुठे उभा आहे, याला महत्त्व होतं. आम्ही कागदावर खुणा करून भांडायचो.

२००३ च्या साडेतीन आवृत्तीत ढाली चार झाल्या. बकलर आणि हलकी ढाल १, जड ढाल २, टॉवर शील्ड ४. हलक्या ढालीच्या हातात वस्तू धरता येते, शस्त्र चालवता येत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. पट्टेकरी म्हणतात तो फरक त्या आवृत्तीत होता. पाचवीने सोपं करायला चारांची एक केली आणि ते वाक्य गेलं. म्हणून तुम्ही आता भांडता.

माझं मत विचाराल तर एकच ढाल ठेवल्याने खेळ वेगवान झाला आणि ते चांगलं झालं. पण वाक्य गाळलं की त्या जागी डीएमला उभं राहावं लागतं. कोराफासा, तुम्ही त्या रात्री उभे राहिलात, यात गैर काही नाही.

कोरा_फासा

काका, मनापासून आभार. डाव्या-उजव्या अंगाचा नियम वाचून आमचा नकाशावाला खेळाडू खूश होईल.

सायलेंट_वाचक

पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती कोणी खेळतं का इथे? २०१९ ची. तिथे ढाल नुसती हातात असून काही मिळत नाही. 'रेझ अ शील्ड' अशी एक ॲक्शन खर्च करायची, तेव्हा बोनस. टर्नला ॲक्शन तीनच, त्यामुळे दर वेळी ठरवावं लागतं, वार की ढाल. वर शील्ड ब्लॉक नावाची रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीला उत्तर म्हणून करायची कृती. पोलादी ढालीची हार्डनेस (कठीणपणा) ५, एचपी (टिकायचे गुण) २०, १० वर आली की मोडकी. मार आधी ५ ने कमी होतो, उरलेला तुम्हालाही लागतो आणि ढालीलाही.

मला हे जास्त आवडतं. ढाल वापरल्यासारखी वाटते. लढाई संपल्यावर ढाल दुरुस्त करत बसलेला योद्धा मला रोज हवा आहे.

माहीमचा_मांत्रिक

मलाही आवडतं, पण माझ्या मुलांना एवढा हिशोब झेपेपर्यंत टेबलावरच्या सगळ्या मेणबत्त्या संपतील. पुढे कधीतरी.

अंधारकोठडी

एक भाबडा प्रश्न. विझर्डचा (जादूगाराचा) शील्ड स्पेल आणि हातातली ढाल दोन्ही मिळतात का? 'एका वेळी एकाच ढालीचा फायदा' असं लिहिलंय.

नियमावली

मिळतात. स्पेलचं नाव शील्ड आहे, ती वस्तू नाही. वार लागल्यावर रिॲक्शनने टाकायचा, पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत एसी +५, तो लागलेला वारही त्यात मोजायचा. ढालीचे २ वेगळे. 'एकच ढाल' हा नियम दोन हातांत दोन ढाली घेऊन फिरणाऱ्यांसाठी आहे.

पण हात बघा! शील्ड स्पेलमध्ये शब्द आणि हातवारे आहेत, साहित्य नाही. एल्ड्रिच नाइटच्या, म्हणजे मंत्र शिकलेल्या फायटरच्या, एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, तर वॉर कास्टरशिवाय तो स्पेल होत नाही. तलवार टाकू का म्हणाल, तर तेव्हा टर्न शत्रूचा चालू आहे. आपल्या टर्नबाहेर वस्तू सोडता येते का, यावर पुस्तक गप्प आहे.

ठाणेकरीण

@मांत्रिक, आता सांगा. क्लेरिकला हातवारे माफ केले तर एल्ड्रिच नाइट दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहणार. प्लेट, ढाल आणि शील्ड स्पेल मिळून एसी २५. मघाच्या +५ वाल्या शत्रूला मग फक्त नैसर्गिक २० लागतो, म्हणजे ५ टक्के. रोज, दर राउंडला, स्लॉट (स्पेल टाकायचा साठा) असेपर्यंत.

माहीमचा_मांत्रिक

त्याला नाही म्हणणार. त्याच्या ढालीवर देवाचं चिन्ह नाही, आणि असलं तरी त्याचा मंत्र देवाकडून आलेला नाही. माझी सूट चिन्हासाठी आहे, ढालीसाठी नाही. श्रद्धेने मिळालेल्या शक्तीचा हात ढालीवरच्या चिन्हावर असतो, मला हे चित्र फार प्रिय आहे, आणि मुलांनाही ते कळतं.

ठाणेकरीण

बरं. हे आधी सांगितलं असतं तर अर्धा वाद वाचला असता. चिन्हाची सूट मला मान्य होण्यासारखी आहे, कारण तिची हद्द स्पष्ट आहे.

नैसर्गिक_वीस

घरी पोचलो. आता शील्ड मास्टरवर येतो, ते सगळे विसरले.

खेळाचे तेव्हाचे मुख्य नियमकर्ते जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ मध्ये सांगितलं होतं की बोनस ॲक्शन कधी घ्यायची ते तुम्ही ठरवा, म्हणजे धक्का आधी चालेल. २०१८ मध्ये त्यांनीच ते फिरवलं. अटॅक ॲक्शन घेतली ही अट पुरी झाल्यावरच धक्का, म्हणजे वार आधी. त्यामुळे 'अधिकृत उत्तर काय' या प्रश्नाला दोन्ही बाजूंकडे दाखला आहे आणि तुमचा फायटर व ताई दोघंही काहीतरी वाचूनच बोलत असणार.

आकडे बघू. फायटरचा बोनस +७, शत्रूचा एसी १६. ९ किंवा वर हवेत, ६० टक्के. शत्रू पाडला तर ॲडव्हान्टेज, ८४ टक्के. फरक मोठा आहे. पण धक्का आपोआप बसत नाही, ॲथलेटिक्सची झुंज जिंकावी लागते. आणि पाडलेल्यावर पाच फुटांपलीकडून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला लहान धरायचा. मघाचेच आकडे धरले तर त्याचे ६० टक्क्यांचे ३६ होतात. आमच्याकडे तिरंदाज ओरडतो, 'पाडू नकोस रे, आधी मला मारू दे!' पार्टीत (पात्रांच्या टोळीत) तिरंदाज असेल तर आधी धक्का ही पंगतीत सगळ्यांना वाढलेली खीर नाहीच.

मी आधी धक्का देऊ देतो. अट एकच, त्या टर्नला अटॅक ॲक्शन घ्यावीच लागेल. धक्का देऊन मग विचार बदलला, पळून गेला किंवा औषध प्यायला, असं नाही.

नियमावली

मी २०१८ च्या बाजूचा. 'घेतलीत तर' याचा अर्थ घेतल्यावर. पण दोन वार असलेल्या फायटरला पहिला वार, मग धक्का, मग दुसरा वार, एवढी मोकळीक मी देतो. पहिला वार झाला की ॲक्शन सुरू झालीच आहे. शब्दांना मान राहतो आणि फायटरलाही काहीतरी मिळतं.

वसईकर

२०२४ च्या हँडबुकने हा वाद मिटवला आहे. अटॅक ॲक्शनमध्ये जवळच्याला हातघाईचा (मेली) वार लागला की लगेच ढालीचा दणका. बोनस ॲक्शन लागत नाही. समोरच्याने स्ट्रेंथ सेव्ह करायचा, चुकला तर पाच फूट मागे किंवा खाली. टर्नला एकदा. वार आधी, दणका नंतर, पुढचे वार त्यानंतर. जुनं पुस्तक वापरणाऱ्यांनीही हा मजकूर उचलावा.

कोरा_फासा

@वसईकर, हे उत्तम आहे. पहिला वार चुकला तर दणका नाही, ही अट आमच्या ताईंना आवडेल. दुसऱ्या वाराला लागला तर तेव्हा देता येईल ना?

वसईकर

येईल. टर्नला एकदाच, पण कुठल्या वारावर ते बांधलेलं नाही.

गदाधर

नमस्कार, ज्या क्लेरिकवर इतकी चर्चा झाली तो मी. सगळं वाचलं.

माझी बाजू सांगतो. मी चिन्ह ढालीवर घेतलं ते वर्णनासाठी, एसीसाठी नाही. माझी देवता रक्षण करणारी आहे. मित्र पडला की मी ढाल त्याच्यावर धरतो आणि तिच्याखालून हात लावून बरं करतो, असं मनात होतं. गदा जमिनीवर टाकून मंत्र म्हणणं मला नको आहे. त्यापेक्षा मी वॉर कास्टर घेईन.

ताईच्या हरकतीचा राग नाही. तिने विचारलं म्हणून मला कळलं की माझ्या ढालीमागे एवढं काही आहे.

आणि एक भीती. डीएमने परवा गरम धातूचा उल्लेख केला होता...

अंधारकोठडी

हीट मेटल, धातू तापवणारा स्पेल! धातूची ढाल असेल तर २डी८ (आठ बाजूंच्या दोन फाशांचा) जाळ. कॉन्स्टिट्यूशन सेव्ह चुकला की वस्तू सोडायची, 'शक्य असेल तर'. आता ढाल सोडायला ॲक्शन लागते, म्हणजे शक्य आहे का नाही?

नियमावली

शक्य नाही, असं मी धरतो. तेव्हा ढाल हातातच राहते आणि त्या बदल्यात हल्ल्यांवर व ॲबिलिटी चेकवर डिसॲडव्हान्टेज. स्वतःच्या टर्नला ॲक्शन देऊन उतरवली तर पुढचा चटका वाचतो.

परळचा_पट्टेकरी

मुठीची ढाल असती तर टाकता आली असती. गदाधर, लाकडाची घ्या, तुमच्या पुस्तकात चालते.

जुनी_पेटी

ड्रुइड (निसर्गाचे मांत्रिक) धातूची ढाल घेत नाहीत, तेवढ्यापुरते सुखी.

सायलेंट_वाचक

अवांतर, पण उपयोगी. अंधारात ज्याला दिसत नाही असा माणूस, एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. मशाल कोण धरणार? आमच्याकडे सहा-सात सेशन कोणी विचारलंच नव्हतं. आता लाइट हा उजेड पाडणारा साधा स्पेल (कँट्रिप) ढालीवरच टाकतो. २० फूट लख्ख, पुढे २० फूट अंधुक. झाकायचा झाला तर वर कापड टाकायचं.

माहीमचा_मांत्रिक

ढालीवर चिन्ह आणि त्यावर उजेड! माझ्या मुलांना आजच सांगतो.

ठाणेकरीण

हात मोजायचे तर मग कुस्तीचंही लक्षात ठेवा. ग्रॅपल करायला निदान एक हात मोकळा हवा असं लिहिलंय, शव्हला तसं लिहिलेलं नाही. तलवार-ढालवाला ढकलू शकतो, पकडू शकत नाही. हा भाग शब्दशः पाळला तरी कोणाची तक्रार येत नाही, कारण डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. ज्या नियमाचं चित्र उभं राहत नाही तिथेच टेबल अडतं.

कोरा_फासा

सगळ्यांचे आभार. आमच्या टेबलापुरतं ठरवलंय ते लिहितो, ग्रुपवरही टाकलंय.

चिन्ह असलेल्या ढालीच्या हाताने क्लेरिक-पॅलाडिनचे स्वतःच्या वर्गाचे सगळे स्पेल होतील, हातवारे असोत वा नसोत. बाकी कोणालाही ही सूट नाही. विझर्ड, एल्ड्रिच नाइट वगैरेंना हात मोकळा हवा किंवा वॉर कास्टर. गदाधरने तरी वॉर कास्टर घ्यायचं ठरवलंय, एकाग्रतेसाठी, आणि मला ते आवडलं. शील्ड मास्टर २०२४ च्या मजकुराप्रमाणे. मुठीची का पट्ट्याची, हे नव्या मोहिमेत ढाल घेतानाच विचारणार. चालू मोहिमेत मध्येच बदल नको.

ताईने हे वाचून एकच प्रश्न पाठवलाय: 'राक्षसांनाही हेच ना?'

नियमावली

ताईंना माझा नमस्कार सांगा. गॉब्लिनचं पान उघडा. एसी १५, चामड्याचं चिलखत आणि ढाल धरून. हल्ले दोन, सिमिटर (वाकडी तलवार) आणि शॉर्टबो (लहान धनुष्य). शॉर्टबोला दोन्ही हात लागतात. होबगॉब्लिनचंही तेच, एसी १८ ढालीसकट आणि हातात लाँगबो.

नैसर्गिक_वीस

अरे! इतकी वर्षं झुडपातून बाण मारणाऱ्या गॉब्लिनला १५ वरच मारतोय सगळे.

ठाणेकरीण

न्याय दोन्हीकडे सारखा हवा. बाण मारणाऱ्याची ढाल पाठीवर, एसी १३. होबगॉब्लिन १६. जवळ आल्यावर ढाल चढवायची तर त्याची ॲक्शन जाईल, म्हणजे त्या राउंडला वार नाही. किंवा ढालीशिवायच सिमिटर उपसून भिडेल. पार्टीने आधी तिरंदाजांवर धावून जावं, याला आता खरं कारण मिळालं.

कोरा_फासा

मान्य. शनिवारच्या लढाईसाठी सगळ्या गॉब्लिनांचे दोन-दोन एसी लिहून ठेवतोय, धनुष्य हातात असताना १३, ढाल हातात असताना १५. कोणाच्या हातात काय आहे ते मी टर्नच्या शेवटी मोठ्याने सांगेन. खेळाडूंनीही सांगायचं.